हवामान निधी म्हणजे शेवटी कर्जच ना?

बाकूत २०२४ला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ठरलं की हवामानबदलाशी लढायला २०३५पर्यंत विकसनशील देशांना वर्षाला ३०० अब्ज डॉलर मिळणार, मग हे देश तरी एवढे नाराज का आहेत? कोणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १:
कारण मागणी वर्षाला १.३ ट्रिलियनची (म्हणजे १,३०० अब्जांची) होती. आणि आधीचा अनुभव बघा ना, २००९ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी वर्षाला १०० अब्जांचा शब्द दिला, मुदत २०२०, आकडा गाठला २०२२ला, त्यातही सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जच. ज्यांनी मुळात कमी प्रदूषण केलं त्यांनीच व्याज भरायचं, हे मला पटतच नाही.

प्रतिसाद २:
खरी गोम व्याजदरात आहे. सोलरला इंधनाचा खर्च नाही, जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो, त्यामुळे व्याज दुप्पट झालं की तेच पॅनल, तेच ऊन असूनही वीज महाग पडते. त्यात कर्ज डॉलरमध्ये आणि वीजबिलं स्थानिक चलनात, चलन घसरलं की प्रकल्प गोत्यात.

प्रतिसाद ३:
ग्रेनाडा या कॅरिबियन बेटदेशाचं उदाहरण वाचा. जुलै २०२४मध्ये बेरिल वादळाने त्यांच्या कॅरिअकू बेटावरची बहुतेक घरं मोडली, पण त्यांच्या सरकारी रोख्यांत (म्हणजे कर्जाच्या कागदांत) आधीच अट होती की मोठं वादळ आलं तर हप्ते थांबवता येतील, त्यामुळे तो पैसा लगेच लोकांसाठी वापरता आला. कर्ज माफ नाही झालं, फक्त पुढे ढकललं, तरी अशी अट प्रत्येक करारात हवीच.

प्रश्नकर्ता:
चलनाचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. मनापासून धन्यवाद!