बार्शी लाईट आणि मिलचा भोंगा : तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

परवा लातूरहून येताना शेजारच्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "काका, इथं छोटी गाडी होती म्हणे?" तेव्हापासून डोक्यात तीच आहे. मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली, कापूस बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला न्यावा लागे. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये अडीच फूट अंतराचे रूळ टाकले, तीच ही छोटी गाडी, बार्शी लाईट रेल्वे. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आजोबा लोकमान्य मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. ज्यांच्या घरात मिल नाहीतर रेल्वे होती त्यांनी लिहाच. सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

मालदांडी: आमच्याकडं घड्याळ नव्हतं. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा घराबाहेर. केसात कायम कापसाची पिंज. शेवटी दम्यानं गेले.

येडशीची लेक: @मालदांडी वाचून गलबलून आलं. माझे मामाही तसेच खोकायचे.
रामलिंगच्या चढावर गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून सीताफळं तोडून परत चढायची. हे खरंच व्हायचं, मी पाहिलंय.

कुर्डुवाडीकर: वर्कशॉपला विसरू नका!! वडील फिटर. आमच्या गावात शेतीपेक्षा रेल्वेचा पगार मोठा. १९५४ ला सरकारनं रेल्वेची कंपनी घेतली, तोवर मालक लंडनला. कॅलथ्रॉपची हुशारी अशी की दर आसावर पाचच टन भार, म्हणून हलक्या रुळावरही भरपूर माल जायचा. त्यानंच पुढे विमानातल्या माणसांसाठी पॅराशूट बनवलं, 'गार्डियन एंजल' नावाचं.

विठाई: पॅराशूट?? हे नवीनच. नातवाला सांगते.
आषाढीला टपावरसुद्धा माणसं. एकादशी पंढरपूरला आणि बारस बार्शीला भगवंताच्या दारी, हा आमच्या सासूबाईंचा नेम. गर्दीत त्यांचा टाळ पडला तर खालच्या माणसानं तो पुढच्या स्टेशनवर आणून दिला. कुकर झाला, नंतर लिहिते.

मुरूडचा: २००७-०८ ला मोठी लाईन सुरू झाली तेव्हा धाराशिवला पहिल्यांदा गाडी आली, ते बरंच झालं. आधी तिथल्या लोकांना येडशी गाठावी लागायची. छोटी गाडी गेल्याचं दुःख आहे, पण आजारी माणूस घेऊन रात्रभर त्यात बसलेला माणूस मोठ्या लाईनीला नाव ठेवणार नाही.

येडशीची लेक: पटलं. तरी एक डबा आणि इंजिन बार्शीत उभं करायला हवं, मिलची पाळी केलेल्यांच्या नावांसकट.

मालदांडी: हो, नावांसकटच. बाबांचा मिलचा पितळी बिल्ला अजून आहे घरी. नंबर नीट वाचता येतो. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.

विठाई: टाका नक्की. आणि येडशीताई, यंदा सीताफळं कशी आहेत तिकडं? आमच्याकडं बाजारात सगळी कच्चीच येतायत.