मालवणच्या कातळावरचं हे हिरवं शेवाळ कसलं?

ओहोटीवेडा: जानेवारीत मालवणला ओहोटीला कातळावर हिरवंगार शेवाळ बघितलं, पानासारखं पातळ, बुळबुळीत, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. गावातले म्हणाले पावसात हे नसतं. मित्र म्हणतो गटाराचं पाणी आलं की हे येतं. खरंय का? आणि खातात का?

कातळकर: उल्वा आहे ही. पाती लांबट पट्ट्यांसारख्या फाटलेल्या असतील तर उल्वा फॅसिआटा. अख्खी पात फक्त दोन पेशी जाड, म्हणून आरपार दिसतं. मूळ नसतंच, खाली कातळाला धरायला बारीकशी पकड असते आणि खाणंपिणं सगळं पातीतूनच, त्यामुळे पाण्यात नायट्रोजन वाढला की ही बाकीच्यांच्या आधी फोफावते. मित्र अर्धा बरोबर आहे. स्वच्छ किनाऱ्यावरही असते ती, पण खाडीच्या तोंडाशी थरच्या थर दिसले तर शंका घ्या.

मायक्रोस्कोपवाला: पावसात लाटांचा मार, गढूळ पाणी, वरून गोडं पाणी, पाती टिकणार कशा. पण पकड नाहीतर बीजाणू उरले की परत येते. कडेच्या पेशीच बीजाणू किंवा युग्मक (दोन एकत्र येऊन नवीन शेवाळ देणाऱ्या पेशी) बनून पोहत सुटतात आणि मागे कड पांढरी पडते. बीजाणूला चार शेपट्या, युग्मकाला दोन, आणि बीजाणू देणारी न् युग्मक देणारी, दोन्ही पिढ्या दिसायला डिट्टो सेम!
बाय द वे सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये उल्वा लॅक्टुका नाव दिलं, ते सगळे युरोपातल्या शेवाळाला लावत बसले, २०१९ मध्ये त्याच्या मूळ नमुन्याचा डीएनए तपासला तर तो निघाला फॅसिआटाचा. म्हणजे खरी लॅक्टुका आपली 😄

ओहोटीवेडा: भारी! पण खायचं राहिलं की

खादाड_दर्यावर्दी: खातात, जपानमध्ये याच्याच भाईबंदांची वाळवून पूड करतात, आओनोरी म्हणतात, भातावर वगैरे भुरभुरतात. पण जिथे सांडपाणी येतं तिथली अजिबात घेऊ नका, ही जड धातूपण शोषते. आणि किनाऱ्यावर कुजत पडलेल्या ढिगापासून लांबच राहा, फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर २००९ मध्ये कुजलेल्या उल्वाच्या गॅसने एक घोडा मेला होता, स्वार बेशुद्ध. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तोच. तिकडे शेतीचं आणि डुक्करपालनाचं नायट्रेट समुद्रात जातं.

कातळकर: चीनमध्ये छिंगदाओला २००८ च्या ऑलिंपिकआधी शिडाच्या बोटींच्या शर्यतीची जागा अशीच भरली होती, दहा लाख टनांच्या वर उपसलं. ती वेगळी जात, उल्वा प्रोलिफेरा, दक्षिणेकडच्या नोरीच्या (खायच्या समुद्री शेवाळाच्या) शेतांतल्या दोऱ्यांवर वाढून तरंगत आलेली. मालवणला तसलं काही नाहीये, निवांत बघा, फक्त त्यावर पाय देऊ नका, जाम घसरतं.