विद्यापीठाचं ग्रंथालय: नवं सर्च घेण्याआधी मराठी नोंदी नीट करा (पटतंय का?)

तळमजला
आमच्या विद्यापीठात (नाव नको, उगाच कुणाला त्रास) ग्रंथालयाची मीटिंग झाली, त्यात ठरतंय म्हणे की डिस्कव्हरी सॉफ्टवेअर घ्यायचं, म्हणजे पुस्तकं, जर्नल्स, प्रबंध सगळं एकाच चौकटीत शोधता येईल. ऐकायला भारी आहे. पण मी दोन वर्षं वऱ्हाडी बोलीवर काम करतोय आणि ऑनलाइन कॅटलॉगमध्ये 'वऱ्हाड' टाकलं की येतं शून्य. रोमनमध्ये व्ही लावून टाकलं की तीन पुस्तकं, डब्ल्यू लावून टाकलं की दुसरीच दोन. आणि ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप ते पुस्तक मी स्वतः मागच्या उन्हाळ्यात तिथल्याच रॅकवर बसून वाचलंय, निळं कापडी बाइंडिंग, अजून डोळ्यासमोर आहे. आता सांगा, नोंदीच अशा असतील तर वर कितीही महागाचं सर्च बसवा, ते शोधणार काय? माझं म्हणणं एवढंच की तो पैसा आधी मराठी नोंदी दुरुस्त करण्यात घाला.

चष्मिष
असहमत. कॅटलॉग उघडतो कोण आता? आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना त्याची लिंकही माहीत नसेल. खरा प्रॉब्लेम घरून अ‍ॅक्सेसचा आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सगळ्यांसाठी जर्नल्स एकत्र घ्यायची केंद्र सरकारची योजना, २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, तीन वर्षांचे ६,००० कोटी. म्हणजे आपल्यासाठी पैसे भरून झालेत. पण होस्टेलच्या वायफायवर जो पेपर उघडतो तोच गणपतीत गावी गेलं की चाळीस डॉलर मागतो, कारण प्रकाशकाची साइट कॅम्पसचा आयपी (नेटवरचा पत्ता) बघून आत सोडते. त्याला उपाय आहे, इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं इन्फेड आहे, विद्यापीठाच्या लॉगिनने कुठूनही आत जाता येतं, पण आमच्याकडे पासवर्ड हवा तर फॉर्म भरा, सही आणा, मग आठवडाभर वाट बघा. आधी हे सुधारा, मग वऱ्हाडाचं बघू.

खवचट मावशी
वऱ्हाडच हरवलं म्हणजे लग्न लांबलं म्हणायचं :)
गूगल स्कॉलर फुकट आहे की, त्याच्यावर भागतंय सगळ्यांचं. कशाला हवंय हे डिस्कव्हरी बिस्कव्हरी.

तळमजला
मावशी, स्कॉलरला तुमच्या तळघरातल्या स्टॅकमध्ये काय आहे ते कसं कळणार? आणि जुनी मराठी त्रैमासिकं त्यात शोधून दाखवा, मी चहा पाजतो.
@चष्मिष, इन्फेडबद्दल मान्य, पण ती १३,००० जर्नल्स बहुतेक इंग्रजी. मराठी, इतिहास, लोकसाहित्य करणाऱ्यांना त्याचा किती उपयोग? आमची सामग्री कागदावरच आहे आणि तिच्यापर्यंत पोचायचं दार म्हणजे हाच कॅटलॉग.

बिटबाइट
तळमजला, तुमचं निदान अर्धं चुकलंय असं वाटतं. वऱ्हाडमधला तो ऱ्ह युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर अक्षरं ज्या कोडने साठवतो तो) दोन पद्धतीने लिहिता येतो. एकात ऱ असं स्वतंत्र अक्षर घेऊन पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला हुबेहूब तेच, मशीनला दोन वेगळे शब्द. तुमच्या फोनचा कीबोर्ड एक देतो आणि नोंद टाइप करणाऱ्याने दुसरं दिलं असेल तर शून्यच येणार. ॲ चं पण तसंच, एक अख्खं अक्षर आहे आणि एक अ वर चंद्र काढून केलेलं. ग्रंथ, ग्रन्थ हेही त्यातलंच. ही नोंदीची चूक नाही, सर्चने दोन्ही एक धरायला हवं. कोहा (ग्रंथालयाचं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात आयसीयू, म्हणजे असे लिपीतले फरक सांभाळणारी सोय, चालू करून नियम घालता येतात, फुकट. म्हणजे हे सॉफ्टवेअरचंच काम झालं ना?

चष्मिष
+१, मी तरी वेगळं काय म्हणतोय.

कार्डकपाट
तीस वर्षं कॅटलॉगिंगला होतो, आता निवृत्त, म्हणून जरा लांबण लावतो. बिटबाइट यांचं बरोबर आहे, पण ते ज्या नोंदी देवनागरीत आहेत त्यांच्यापुरतं. आमच्या निम्म्याहून जास्त मराठी नोंदी रोमनमध्ये आहेत, कारण सुरुवातीला जे सॉफ्टवेअर मिळालं त्यात देवनागरी घेतच नव्हतं आणि काम तर सुरू करायचं होतं. नंतर जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं टेंडर निघालं, दर नोंदीमागे ठरलेला. ज्याला नोंदीमागे पैसे मिळतात तो पोरगा पुस्तक उघडून बघत बसेल का? कार्डावर जे दिसलं ते ठोकलं, स्वरचिन्हं नाहीत, काही नाही. आता 'पी ए टी' असं लिहिलेलं असेल तर ते पट, पत, पाट की पात? हे कुठलंही सर्च ओळखू शकत नाही, पुस्तक हातात घेऊनच बघावं लागतं.
देवनागरीसाठी मार्कमध्ये (कॉम्प्युटरवर नोंद करायचा ठरलेला साचा) ८८० हे फील्ड आहे, रोमन ठेवून शेजारी मूळ लिपी देता येते. शीर्षक जसं छापलंय तसं द्यायचं हा नियम, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं 'कांहीं' आम्ही कांहीं असंच ठेवतो, १९६२ नंतर अनुस्वार गेले म्हणून पुस्तकावरचे पुसता येत नाहीत. पण २४६ या पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये आजचं रूप घालता येतं. घालतं कोण? आमच्या सेक्शनला सात जण होते, आज दोन, त्यातला एक कंत्राटी. तेव्हा स्टाफला शिव्या घालण्याआधी हेही बघा.

तळमजला
काका, शिव्या नाही घातल्या हो.

मिशिगनकाठी
शिकागोहून लिहितेय. इथल्या विद्यापीठात मराठी पुस्तकं भरपूर आहेत, १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसमार्फत भारतातली पुस्तकं अमेरिकन ग्रंथालयांना येत होती, त्याची कृपा. आणि गंमत अशी की इथेही मराठी नोंदी बहुतेक रोमनमध्येच. तरी पुस्तक सापडतं. कारण लिप्यंतराचा नियम एकच, सगळीकडे तोच, त्यामुळे एकदा शिकलं की झालं. अर्थात पहिल्या महिन्यात मी ज्ञानेश्वरी आपल्यासारखं 'डी एन वाय' लावून शोधली आणि रिकाम्या हाताने घरी गेले, इथे ज्ञ साठी जे आणि एन लागतो. मग एका लायब्ररियन बाईंनी, ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता, मला माझीच भाषा कशी शोधायची ते शिकवलं! तेव्हा रोमन वाईट नाही, ज्याला जसं वाटेल तसं रोमन वाईट.

तळमजला
हे इथे नाही चालणार. अकोल्याहून आलेल्या एमएच्या पोराला जे-एनचा नियम शिकवायचा आणि तोही मराठी पुस्तक शोधायला, महाराष्ट्रात? त्याने ज्ञानेश्वरी लिहिलं की ज्ञानेश्वरी आली पाहिजे.

मिशिगनकाठी
हे मात्र खरं. ८८० वाला मार्ग दोघांना चालेल.

आडवाट
तुम्ही सगळे सापडण्यावर भांडताय, पण सापडून पुढे काय? स्क्रीनवर 'उपलब्ध' दिसतं, चिठ्ठी दिली की शिपाईमामा अर्ध्या तासाने येऊन सांगतात जागेवर नाही. रॅकवरच्या पुस्तकांची पडताळणी किती वर्षांत झाली नाही देवजाणे. मी तर म्हणतो रॅक खुले करा, मला आयुष्यात कामाची पुस्तकं शोधताना मिळालीच नाहीत, शेजारचं पुस्तक काढताना मिळाली.

चष्मिष
रॅक खुले केले की उरलेलीही जागेवर राहणार नाहीत, कैच्याकै. बाकी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, पण एक मान्य करतो, डिस्कव्हरीचे पैसे दरवर्षी जातात आणि नोंदीचं काम एकदाच करायचं असतं. पण मग सगळ्याच नोंदी करायच्या म्हटलं तर आपण रिटायर होऊ.

बिटबाइट
सगळ्या कशाला? लोक काय शोधतात आणि कशाला शून्य येतं त्याची यादी महिन्याला काढा, त्यातल्या आधी करा. उगाच अ पासून सुरू केलं तर क पर्यंतसुद्धा पोचणार नाही.

कार्डकपाट
हे पटलं. आमच्या वेळी न सापडलेल्या पुस्तकांची वही काउंटरला असायची, तसंच हे. रच्याकने, तळमजला, तुमच्या त्या निळ्या पुस्तकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नंबर) आहे का लिहून ठेवलेला? असेल तर त्याने शोधा, शीर्षकाने नको.

तळमजला
होता, जुन्या वहीत सापडला. काका, निघालं पुस्तक! रोमनमध्ये नाव जसं ठोकलंय ते सरळ वाचलं तर 'वरद' असं होतं. हे मी सात जन्मात शोधलं नसतं. आता एवढी एक नोंद दुरुस्त करून घ्यायला अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

कार्डकपाट
अर्ज अजिबात करू नका, तो इनवर्डला जाईल. साध्या कागदावर चिठ्ठी लिहा, दाखल क्रमांक मोठ्या अक्षरात, आणि दुपारी तीननंतर, चहा झाल्यावर, सेक्शनमध्ये स्वतः जाऊन द्या.