छोट्या कॅमेऱ्याचा फोटो : जसा आला तसाच ठेवायचा की हात फिरवायचा?

माहीमकर :
गेल्या रविवारी पहाटे पाचला दादरच्या फुलबाजारात गेलो होतो. सोबत माझा जुना खिशातला कॅमेरा. 10 मेगापिक्सेल, जुन्या पद्धतीचा सीसीडी सेन्सर (उजेड टिपणारी चिप), दोन पेन्सिल सेलवर चालणारा. चार फोटो टाकलेत : झेंडूच्या ढिगाऱ्यात बसलेल्या मावशी, हमालाच्या डोक्यावरची पाटी, पुलाखालच्या ओल्या रस्त्यात पडलेले दिवे आणि एक चहावाला. चारही कॅमेऱ्यातून आले तसे. क्रॉप (कडा कापणं) नाही, उजेड वाढवलेला नाही, कमी उजेडात उमटणारे दाणे पुसलेले नाहीत.

आता मुद्दा. आपण महिन्यातून एकदा एकमेकांना फोटो दाखवतो, तर हल्ली निम्म्या फोटोंवरून तो कुठल्या कॅमेऱ्याचा आहे तेच कळत नाही. आभाळ निळंशार, सावल्या उपसून काढलेल्या, चेहरे मेणाचे. मग फोन काय वाईट होता? छोट्या कॅमेऱ्याची सगळी गंमत त्याच्या अडचणीत आहे. पूर्ण झूम केलं की माझं भिंग एफ 2.8 वरून 5.9 वर जातं (हा आकडा वाढला की भिंगाचं तोंड बारीक होतं), म्हणजे उजेड पाव हिश्शापेक्षाही कमी. म्हणून झूम सोडून चार पावलं पुढे जावं लागतं, माणसाशी बोलावं लागतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, 400 च्या वर नेली की रवा सांडल्यासारखं दिसतं. म्हणून शटर 1/8 सेकंदावर आणायचं, पुलाच्या खांबाला कॅमेरा टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि श्वास धरायचा. एवढं करून जे मिळेल ते आपलं. घरी येऊन ते 'सुधारायचं' म्हणजे परीक्षेचा पेपर घरी नेऊन उत्तरं दुरुस्त करण्यासारखं आहे.

बोला. शिव्या चालतील.

लेन्सवाला बंड्या :
शिव्या नाहीत, एकच प्रश्न. 'आला तसा' म्हणजे नक्की कसा?

तुमच्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो. लाल, हिरवा किंवा निळा. उरलेले दोन कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. मग व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे दिव्याची रंगछटा काढून पांढरं पांढरं दाखवतो, कडा धारदार करतो, दाणे थोडे पुसतो, आणि बराचसा माल फेकून देऊन जेपेग ही छोटी फाइल बांधतो. पॅनासॉनिकचा एलएक्स 3 आठवतोय? 2008 चा, 24 मिमीचं वाइड भिंग असलेला. त्याचं भिंग बिनदिक्कत फुगवटा देतं, आणि कॅमेरा गुपचूप तो सरळ करतो. दुरुस्ती न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा माल) उघडा, समोरची चाळ ढोलकीसारखी दिसेल.

म्हणजे तुमच्या फोटोवर हात फिरलेलाच आहे. कंपनीच्या इंजिनिअरने फिरवलाय, तुम्ही फिरवला नाहीत एवढंच. आणि तो इंजिनिअर कधी फुलबाजारात आला नव्हता.

माहीमकर :
मान्य, पण तो इंजिनिअर सगळ्यांच्या फोटोवर सारखाच हात फिरवतो. मावशींचा फोटो बघून त्याला मोह होत नाही. मला होतो. फरक तिथे आहे.

गिरगावची सून :
सारखाच हात? 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवरचे, म्हणजे 'राणीच्या हारा'तले, पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढी ओरड झाली होती. आमच्या सासूबाई तर म्हणाल्या, राणीच्या गळ्यात कुणी ट्यूबलाइट घातली! त्याआधीचे माझे सगळे फोटो ऑटो व्हाइट बॅलन्सवर काढलेले. आता बघते तर कॅमेऱ्याने जमेल तेवढा पिवळेपणा स्वतःच काढून टाकलाय. लोक ज्यासाठी हळहळले ते माझ्या फोटोत नाहीच! मी हाताने पिवळा परत आणला तर ते खोटं, आणि यंत्राने काढला ते खरं?

शिवडीची पाखरं :
मी क्रॉपवर भांडणार आहे. शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना माहीत आहे, भरतीचं वेळापत्रक बघूनच निघायचं. पाणी चढायला लागलं की पाखरं चरत चरत काठाकडे सरकतात, ओहोटीला गेलात तर अटल सेतूचे खांब आणि चिखल बघून परत. भरतीला गेलं तरी पाखरू माझ्या फ्रेममध्ये तांदळाएवढं. शेजारी एक गृहस्थ हातभर लांब भिंग लावून उभे असतात, त्यांना क्रॉप लागत नाही. 'पुढे चालत जा' हा सल्ला दादरला ठीक आहे, शिवडीत कमरेपर्यंत गाळात जाईन. क्रॉप हे आमच्यासारख्यांचं झूम आहे. ते करू नका म्हणणं ज्याचा खिसा जड त्यालाच शोभतं.

बाकी एक कबूल. क्रॉपचं वेड कंपन्यांनीच लावलं. नखाएवढ्या सेन्सरवर मेगापिक्सेल कोंबत गेले. कॅननने 2008 च्या जी 10 मध्ये 14.7 दिले आणि पुढच्याच वर्षी जी 11 मध्ये 10 वर खाली आले. अक्कल आली म्हणायची.

माहीमकर :
जड खिसा? माझा कॅमेरा बोरा बाजारातून सेकंड हँड घेतलाय, त्याला बॅटरीचं झाकण रबर बँडने धरून ठेवावं लागतं.

बंड्या :
'नखाएवढ्या' हे शब्दशः घ्या. 1/2.3 इंची सेन्सर म्हणजे साधारण 6.2 बाय 4.6 मिमी. मोठ्या कॅमेऱ्यांतला फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24. तीस पट फरक. 2012 च्या सोनी आरएक्स 100 मध्ये 13.2 बाय 8.8 चा आला तेव्हा लोक उगाच वेडे झाले नव्हते. एवढ्याशा सेन्सरने काळोखात जे कमावलं ते नीट मांडायचंही नाही म्हणता?

ठाण्याचे काका :
मी वयाने मोठा आहे, ऐकून घ्या. वडील गिरगावात एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हवर काळं केलं की प्रिंटवर उजळ येतं. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढला की व्रण, देवीचे डाग, सगळं पेन्सिलीखाली जायचं. तेव्हा कुणी त्याला लबाडी म्हणत नव्हतं, 'हात चांगला आहे' म्हणत. डार्करूममध्ये एका कोपऱ्यावर तळहात धरून उजेड अडवणं तर आम्ही पोरंही शिकलो होतो. 'जसा आला तसा' हे खूळ डिजिटलबरोबर आलं. फिल्मच्या काळात फोटो 'यायचा' नाहीच, तो काढल्यावर करावा लागायचा.

आणखी एक. माझ्या छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगात पावसाळ्यात बुरशी धरली. ही भिंगं सहज उघडत नाहीत. आता प्रत्येक फोटोत डावीकडे ढग असतो, मे महिन्यातसुद्धा. तोही ठेवू? (नवीन लोकांनी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून कॅमेरा ठेवावा. मुंबईच्या हवेला कपाट पुरत नाही.)

माहीमकर :
काका, ढग ठेवा, हवामान खात्यापेक्षा बरा आहे.

पण आता मी का चिडलो ते सांगतो, आधी सांगायला हवं होतं. त्या मावशींनी फोटो काढताना एकच अट घातली होती : "कागदावर आणून दे." घराजवळच्या एका स्टुडिओत प्रिंट टाकली. गुरुवारी नेऊन दिली. मावशींनी लांब धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही कोण रे? माझी धाकटी जाऊ वाटते." तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्टुडिओवाल्याने न विचारता चेहरा गोरा केला होता, कपाळावरच्या आठ्या पुसल्या होत्या. झेंडू मात्र तसाच लालभडक. फोटो त्यांनी ठेवून घेतला, पण गल्ल्याखाली, उलटा. तेव्हापासून मला हात फिरवलेला फोटो बघवत नाही.

शिवडीची पाखरं :
हे वाईट झालं. पण हे क्रॉप नव्हे, हे वेगळंच आहे.

काका :
वडिलांनीही किती जणींना गोरं केलं असेल. हे मी कधी असं मोजलं नव्हतं.

बंड्या :
स्टुडिओवाल्याची चूक तुम्ही आमच्या नावावर का लावता? तुमच्या मूळ फोटोत मावशींचा चेहरा निम्मा काळोखात आहे. वरच्या दिव्याला बघून कॅमेऱ्याने सगळं गडद केलंय. समोर उभं राहिल्यावर तुम्हाला त्यांचे डोळे दिसत होते ना? फोटोत दिसत नाहीत. तोही फोटो त्यांच्यासारखा नाहीच. मूळ फाइल पाठवा. फक्त सावली उचलतो, रंगाला आणि आठ्यांना हात लावत नाही. एक तुमची, एक माझी, दोन्ही प्रिंट घेऊन जाऊ.

माहीमकर :
फाइल जेपेग आहे, माझ्या कॅमेऱ्यात रॉ नाही.

बंड्या :
कॅननचाच आहे ना? सीएचडीके, म्हणजे कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी हौशी लोकांनी केलेलं सॉफ्टवेअर, टाकलं असतंत तर रॉ मिळाला असता, फुकटात. असो, जेपेग पाठवा, जेवढं निघेल तेवढं काढतो.

माहीमकर :
पाठवतो. पण दुसऱ्या स्टुडिओत प्रिंट करायची, आणि मी समोर उभा राहणार.

गिरगावची सून :
रविवारी मीही येते. पाच म्हणजे पाचच ना? आणि चार्ज केलेले सेल आणा हो, मागच्या वेळी गजरेवालीच्या फोटोला माझेच काढून घेतले होतेत.