मदत हवी आहे: बॉम जेझसच्या जुन्या गिलाव्याबद्दल

भाची आर्किटेक्चरला आहे, तिला ओल्ड गोव्याच्या बॉम जेझस चर्चवर सबमिशन करायचंय आणि मला गोव्यात राहतोस ना म्हणून कामाला लावलंय. इतिहास बराचसा सापडला, म्हणजे 1594 ला काम सुरू, 1605 ला चर्च खुलं, बांधणारे जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ), आत सेंट फ्रान्सिस झेवियरची कबर जिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने केला आणि तो 1698 मध्ये इथे बसवला, हे सगळं झालं. गाडी अडलीये बाहेरच्या भिंतींवर.

आज जो लाल चिरा (जांभा दगड) दिसतो आणि ज्याचे सगळे फोटो काढतात (मीही) तो मुळात उघडा नव्हताच! वरती चुन्याचा गिलावा होता, चर्च पांढरं दिसायचं, 1950 च्या दशकात पोर्तुगीजांनी तो काढून टाकला. चिरा भुसभुशीत, त्यात आपला पाऊस, म्हणून गिलावा परत करा असं म्हणणारे आहेत आणि मला तरी ते पटतं, पण लोकांना लालच आवडतं त्याला काय करणार.

तर कुणाकडे गिलावा असतानाचे जुने फोटो, पोस्टकार्ड काही आहे का? पणजीत कुठल्या लायब्ररीत किंवा आर्काइव्हजमध्ये विचारू? आणि दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणलेला म्हणतात, वसईकरांनो तिकडे त्या खाणींची काही खूण उरलीये का? चुन्याच्या कामाचा अनुभव असलेलं कुणी असेल तर प्लीज मेसेज करा, भाचीला बोलायचंय.