मदत हवी आहे : अकरा कार्यालयांची एक इमारत, गळकी गच्ची आणि सामाईक देखभाल

नमस्कार. मी एका तहसील कार्यालयात नाझर आहे. जडवस्तू नोंदवही आणि शासकीय रकमा सांभाळता सांभाळता इमारतीची देखभालही नाझराच्याच गळ्यात येऊन पडते, हे महसूल खात्यातील मंडळींना सांगायला नकोच. आमची तीन मजली प्रशासकीय इमारत नऊ वर्षांपूर्वी वापरात आली. तीत तहसील, उपकोषागार, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, तालुका कृषी अधिकारी अशी एकूण अकरा कार्यालये आहेत. आपापल्या दाराच्या आत जे आहे त्याची काळजी ते ते कार्यालय घेते. जिना, स्वच्छतागृहे, पाण्याचा पंप, लिफ्ट आणि गच्ची मात्र सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नाही.

सर्वांत तातडीची अडचण गच्चीची आहे. तिच्या थेट खाली आमचा अभिलेख कक्ष आहे. (तो सर्वांत वरच्या मजल्यावर नेण्याचा निर्णय कोणी घेतला, हे कृपया विचारू नये.) तेथे फेरफार नोंदवह्या आणि ‘अ’ वर्गातील, म्हणजे कायम जतन करावयाची, प्रकरणे रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. गेली तीन वर्षे दर मे महिन्यात गच्चीवर रासायनिक लेप दिला जातो, त्याचे मोजमाप होऊन देयकही निघते आणि जुलैत त्याच भिंतीवर तोच ओला डाग पुन्हा उमटतो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, केव्हाच उलटला आहे. आता संपूर्ण गच्चीवर नवा कोबा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून स्लॅबवर घालतात तो वीटतुकड्यांचा थर, टाकण्याचे अंदाजपत्रक तयार होत असून, खर्चाचा आकडा पाहता ते भिजत घोंगडे पडण्याचीच शक्यता अधिक. यंदा तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाचा मागमूस नसताना, कपाट क्रमांक चारवर थेंब पडू लागले. सध्या आम्ही कपाटांवर ताडपत्री घातली आहे आणि खाली बादली ठेवली आहे.

दुसरी अडचण लिफ्टची. ती सात महिन्यांपासून बंद आहे. बांधकाम उपविभागाकडे गेले की ते काम विद्युत शाखेचे असल्याचे सांगतात आणि विद्युत शाखा वार्षिक देखभाल कराराचे पैसे कोणते कार्यालय देणार असे विचारते. गेल्या महिन्यात खरेदीखतावर अंगठा देण्यासाठी आलेल्या एका आजींना त्यांच्या दोन नातवांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर नेले. मधल्या वळणावर ते तिघेही थांबले, तेव्हा मी नेमका पायऱ्या उतरत होतो.

तिसरी बाब अग्निसुरक्षेची. 2006 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये, अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. अकरा कार्यालयांपैकी भोगवटादार म्हणून सही कोणी करावी, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या आणि दोन्हींचा शेवट चहाने झाला. 21 जून 2012 रोजी मंत्रालयात लागलेली आग आठवते, आणि आमच्या अभिलेख कक्षाच्या दाराशी मूळ आराखड्यात नसलेला विजेचा जोडफलक (एक्स्टेंशन बोर्ड) लोंबकळताना रोज दिसतो, म्हणून हा प्रश्न मला कागदापुरता वाटत नाही.

ज्यांनी अशी इमारत प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी दोन गोष्टी कृपया सांगाव्यात. सामाईक खर्च आपण कसा वाटला आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला का? आणि नव्या कोब्याला होकार देण्यापूर्वी कोणती तपासणी करून घ्यावी?

प्रतिसाद 1 (सेवानिवृत्त शाखा अभियंता)

आपण एप्रिलमधील थेंबांचा उल्लेख केलात, तेथेच अर्धे उत्तर आहे. पाऊस नसताना गळते ते पाणी बहुधा टाकीचे किंवा नळजोडणीचे असते. तसे असेल तर तीन वर्षांचे लेप म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्रथम गच्चीवरील टाकीची आवक शुक्रवारी सायंकाळी बंद करा, टाकी रिकामी करा आणि सोमवारी डाग पाहा. तो वाळू लागला असेल तर बॉल कॉक (टाकी भरली की आवक बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी), ओव्हरफ्लोचा पाइप आणि टाकीखालचे जोड तपासा. तरीही ओल राहिली, तर गच्चीचे भाग पाडून, कडेने मातीचे बांध घालून, एकेका भागात 48 तास पाणी साठवून पाहावे. त्याआधी पर्जन्यजल पाइपांची तोंडे मोकळी आहेत का आणि कठड्यालगतचा वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावरील सिमेंटची गोलाई) सुटला आहे का, हे पाहून घ्या. गळती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी असते, मधल्या सपाट भागात क्वचित.

जुना कोबा न काढता त्यावर नवा टाकू देऊ नका. दहा सेंटीमीटर जाडीच्या वीटतुकड्यांच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते आणि स्लॅबला ते कायमचे वाहावे लागते. आणखी एक, भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत; पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावेत.

प्रतिसाद 2 (दुसऱ्या तालुक्यातील कर्मचारी)

एका विभागाच्या लेखाशीर्षातील (खर्चाच्या ठरावीक सरकारी खात्यातील) रक्कम दुसऱ्याकडे वळवता येत नाही, त्यामुळे वर्गणीची कल्पना आमच्याकडे पहिल्याच बैठकीत बारगळली. मग तहसीलदार साहेबांनी रकमेऐवजी देयकेच वाटली. व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, सामाईक मीटरचे वीज देयक एका कार्यालयाने ‘06 दूरध्वनी, वीज व पाणी देयके’ या शीर्षातून भरायचे, सफाई दुसऱ्याने ‘10 कंत्राटी सेवा’ मधून, असा लेखी आदेशच निघाला. आदेशाची प्रत प्रत्येक देयकाला जोडतो. आजवर आक्षेप आलेला नाही. मूळ दुरुस्ती मात्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या 2059 या शीर्षाखालीच मागावी, ती स्वतःच्या कार्यालयीन खर्चात ओढून घेऊ नये. भोगवटादार ठरवण्यासाठी इमारत ताब्यात घेतानाची ताबापावती शोधा. आमच्याकडे त्यावर ज्या कार्यालयाची सही निघाली, त्यालाच अग्निशमनाचे प्रमाणपत्र द्यावे लागले.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टाकी रिकामी ठेवली आणि सोमवारी डाग फिकट झालेला आढळला. वर जाऊन पाहिले तर बॉल कॉक अडकलेला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप कोपरातच तुटलेला होता. पंप रोज रात्री चालू राहत असल्याने पाणी थेट कोब्यावर सांडत होते. बॉल कॉक आणि पाइप दोन्ही आज बदलले. मात्र त्या जागी खालून गिलावा ठोकला असता तो पोकळ वाजतो आणि एका ठिकाणी गंजलेली सळई उघडी पडली आहे. त्यामुळे कोब्याचे अंदाजपत्रक थांबवून केवळ तेवढ्या भागाच्या तपासणीचे व दुरुस्तीचे पत्र उपविभागाला दिले आहे.

ताबापावतीही सापडली. तिच्यावर सही आमच्याच कार्यालयाची आहे. लिफ्टचा करार कोणत्या कार्यालयाकडे दिला होता, हे प्रतिसाद 2 यांनी कळवल्यास आणि वाटपाच्या आदेशाचा मजकूर, कार्यालयाचे नाव वगळून, येथे देता आल्यास पुढील बैठकीत तो मांडता येईल.