मदत हवी आहे: खतावणीच्या पातळ कागदावर मिकी माउसची सही कशी घ्यावी?

नमस्कार.

येत्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, आठ वर्षांची मुलगी आणि बार्शीहून आलेल्या माझ्या सासूबाई, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच दिवसांसाठी जाणार आहोत. मुक्काम डिस्नेच्याच एका हॉटेलात आहे. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, उद्यानांचीही झाली आहेत. माझा प्रश्न तेथे भेटणाऱ्या मिकी, मिनी, सिंड्रेला अशा पात्रांच्या सह्यांविषयी आहे, आणि तो नीट कळावा म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते.

माझे सासरे बार्शीला कापडाचे दुकान चालवत असत. ते गेल्यानंतर दुकान आवरताना सासूबाईंना एक कोरी खतावणी सापडली. तिची पाने त्यांनी निम्म्यात कापली, जाड दोऱ्याने स्वतः शिवली, आणि दुकानातच शिल्लक राहिलेल्या हिरव्या खणाचे लाल काठासकट वेष्टन घालून नातीसाठी सह्यांची वही तयार केली. ही वही आम्हाला २०२१ च्या दिवाळीत टपालाने मिळाली आणि डिसेंबरात आम्ही ती घेऊन डिस्ने वर्ल्डला गेलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मार्च २०२० मध्ये साथीमुळे बंद झालेली उद्याने त्याच वर्षी जुलैत उघडली होती खरी, पण पात्रे अजूनही काही अंतरावर उभी राहूनच भेटत होती. मिकी समोर आला, त्याने दोन्ही हात हलवले, गुडघ्यावर बसून तिला लांबूनच मिठीची खूण केली, परंतु सही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सह्या आणि गळाभेटी पुन्हा सुरू झाल्या त्या १८ एप्रिल २०२२ पासून, तोवर आम्ही घरी परतून चार महिने होत आले होते. वही कोरीच राहिली. मुलीने त्यानंतर तिच्यात कोणालाही काही लिहू दिलेले नाही, स्वतःही एक रेघ ओढलेली नाही.

आता सासूबाई स्वतः येथे आल्या आहेत आणि दोघींनी मिळून एक बेत ठरवला आहे. वहीच्या डाव्या पानावर पात्राची सही घ्यायची आणि समोरच्या उजव्या पानावर आजींनी त्या भेटीविषयी दोन-चार ओळी मराठीत लिहायच्या. मुलगी दर रविवारी येथील महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाते, जोडाक्षरे अडखळत का होईना वाचते, आणि आजींच्या हस्ताक्षरातला मजकूर वाचायला मिळेल म्हणून ती फार उत्सुक आहे. मला ही वही या वेळी कोणत्याही परिस्थितीत रिकामी किंवा खराब होऊन परत येऊ द्यायची नाही.

पहिली अडचण कागदाची आहे. खतावणीचा कागद पातळ आहे, समासाशी लाल दुहेरी रेघ आहे, आणि तो शाई पितो. सासूबाईंनी कापताना उरलेले काही तुकडे जपून ठेवले होते, त्यांपैकी एकावर मी जाड मार्करने सही करून पाहिली. शाई पाठीमागे तर उमटलीच, पण तिसऱ्या कागदापर्यंत ठिपके पोहोचले आणि अक्षरांच्या कडा कापसासारख्या फुटल्या. बॉलपेन या कागदावर उत्तम चालते, परंतु मिकीसारख्या पात्रांच्या हातात मोठे हातमोजे असल्याने त्यांना बारीक पेन धरता येत नाही, जाड मार्करच न्यावा, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. कागद बदलणे हा पर्याय आमच्यासाठी नाही. अशा कागदावर सही घेण्याचा काही मार्ग कोणी वापरला आहे का?

दुसरी अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, मात्र एका जागी उभे राहणे त्यांना जमत नाही. प्रत्येक पात्रासाठी रांग असणार. त्या भेटीविषयी लिहिणार असतील तर भेटीच्या वेळी त्या हजर असायला हव्यात, हे उघड आहे. व्हीलचेअर घेण्यास त्या तयार नाहीत. कमीत कमी उभे राहून जास्तीत जास्त पात्रे भेटतील अशी काही सोय आहे का?

तिसरी गोष्ट म्हणजे दिवसाला किती सह्यांची अपेक्षा ठेवावी, याचा मला अंदाज नाही. मुलीच्या यादीत अकरा नावे आहेत आणि त्यात मिकी, ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या आना व एल्सा आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल यांच्या नावांपुढे तिने चांदणी काढली आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी ऑर्लँडोतच राहते आणि पाहुण्यांबरोबर वर्षातून तीन-चार वेळा तरी या उद्यानांत जाते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात तारखेचा प्रश्न आहे.

तुम्ही पात्रांसोबतच्या जेवणाचे आरक्षण करा. अशा उपाहारगृहांत आपण आपल्या टेबलाशी बसून राहायचे असते आणि पात्रे एकेक करून टेबलापाशी येतात, सही देतात, फोटो काढू देतात. डिस्नेच्याच काँटेंपररी हॉटेलातील शेफ मिकीज या उपाहारगृहात मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो असे पाचही जण येतात. म्हणजे सासूबाईंना उभे न राहता एका बैठकीत पाच सह्या मिळतील. हे ठिकाण उद्यानाच्या बाहेर, हॉटेलात असल्यामुळे त्या दिवशी उद्यानाचे तिकीट खर्ची घालावे लागत नाही, त्यामुळे पोहोचण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशी हे जेवण ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. शाकाहाराची सूचना आरक्षणात लिहा आणि वाढणाऱ्यालाही सांगा.

ही आरक्षणे साठ दिवस आधी उघडतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची आरक्षणे एकदमच करता येतात. तुमचा प्रवास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर ती तारीख याच आठवड्यात येते. पहाटे उठून करा, कारण न्याहारीच्या वेळा फार लवकर भरतात.

आना आणि एल्सा मात्र जेवणात भेटणार नाहीत. डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट या उद्यानात एका तलावाभोवती निरनिराळ्या देशांची दालने आहेत, त्यांतल्या नॉर्वेच्या दालनात, रॉयल सोमरहुस या घरात त्या भेटतात. रांगेचा बराच भाग आत, सावलीत असतो. बेल एपकॉटमध्येच फ्रान्सच्या दालनापाशी येते, पण ती उघड्यावर भेटते, ठरावीक वेळ थांबते आणि निघून जाते. उघड्यावरच्या पात्रांबरोबर एक कर्मचारी असतो आणि वेळ संपत आली की तो रांगेत नवीन माणसे घेणे थांबवतो, म्हणून वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी तेथे असलेले बरे. त्या दिवशीच्या वेळा डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. नॉर्वे आणि फ्रान्स ही दालने तलावाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत आणि पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे, तेव्हा दोन्ही भेटींमध्ये सासूबाईंना बसायला तासभर तरी मिळेल असे पाहा.

व्हीलचेअरविषयी एकच विनंती आहे. माझ्या आईनेही पहिल्या दिवशी नकार दिला होता. आम्ही प्रवेशद्वाराजवळ ती भाड्याने घेतली, आईने तिच्यात पाण्याच्या बाटल्या, स्वेटर आणि पर्स ठेवली आणि ती स्वतः चालत ढकलू लागली. दुपारी रांगेत उभे राहायची वेळ आली तेव्हा त्याच खुर्चीत ती आपणहून बसली. बहुतेक रांगांत खुर्ची नेता येते.

प्रतिसाद २

कागदाविषयी मी लिहितो. माझा बांधणीचा आणि वह्या शिवण्याचा छंद आहे, आणि माझ्या दोन्ही मुलांच्या सह्यांच्या वह्या मीच बांधल्या होत्या.

मार्कर अजिबात वापरू नका. जुना, खळ कमी झालेला कागद मार्करची पातळ शाई ओढून घेतो आणि काही वर्षांत सहीभोवती पिवळट वलय येण्याचीही भीती असते. तुमचे बॉलपेनच योग्य आहे, फक्त ते जाड करावे लागेल. बॉलपेनाच्या धरायच्या भागाभोवती सुती कापडाची अर्धा इंच रुंदीची पट्टी घट्ट गुंडाळत जा, साधारण झाडूच्या दांड्याइतकी जाडी झाली की शेवट दोऱ्याने शिवून टाका. टोपणाचे पेन घेऊ नका, खटक्याचे घ्या, कारण टोपण हमखास हरवते. मग घरी ओव्हनचा हातमोजा घालून त्या पेनाने सही करून पाहा. तुम्हाला जमली तर मिकीला नक्की जमेल, त्याच्या हातमोज्याला निदान चार बोटे तरी असतात.

बॉलपेनाला दाब लागतो आणि पात्रे वही हातावर धरून सही करतात. म्हणून वहीच्या आकाराचा एक ताठ पुठ्ठा कापून घ्या आणि प्रत्येक वेळी सहीच्या पानाखाली सरकवा. त्यामुळे खालच्या पानावर खळगेही उमटणार नाहीत. पान आधीच उघडून, पुठ्ठा घालून, पेनाचा खटका दाबूनच पुढे जावे. भेटीचे एखाद-दोन मिनिट फार लवकर सरते आणि ते वही चाळण्यात घालवू नये.

ज्या पात्राला एवढे करूनही जमणार नाही असे वाटेल त्याच्यासाठी कार्ट्रिज पेपरचे, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाचे, पानापेक्षा थोडे लहान तुकडे कापून जवळ ठेवा. त्यावर मार्करने सही घ्या आणि घरी आल्यावर गव्हाच्या खळीने चारही कोपरे वहीत चिकटवा. वही झिप असलेल्या पिशवीत ठेवा. मार्चमध्ये तेथे उन्हाळ्यासारखा रोजचा दुपारचा पाऊस नसतो, पण पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली वहीही भिजतेच.

प्रतिसाद ३

यादीतील अकराही नावे पुरी करण्याचा आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते. शेफ मिकीजची पाच सोडली तर दिवसाला दोन, फार तर तीन भेटी पुरेत. आम्ही एका दिवसात आठ सह्या घेतल्या आणि संध्याकाळी मुलाला त्यांपैकी तीन पात्रे आठवतही नव्हती. तुमच्याकडे तर प्रत्येक सहीसमोर आजींना लिहायचे आहे, त्यासाठी काहीतरी घडायला वेळ दिला पाहिजे.

ते घडण्यासाठी एक गोष्ट मुलीला आधी सांगून ठेवा. मिकी, गूफी, डोनाल्ड ही पूर्ण मुखवट्यातली पात्रे बोलत नाहीत, फक्त हावभाव करतात, आणि लहान मुले यामुळे कधीकधी गोंधळतात. बेल, एल्सा, आना, सिंड्रेला मात्र बोलतात, आणि त्या आपापल्या गोष्टीतल्या पात्राप्रमाणेच उत्तरे देतात. मुलीने एखादा प्रश्न मनाशी तयार ठेवला तर भेट सहीपुरती राहत नाही. बेलला वाचनाची आवड आहे, तेव्हा ही वही आजीने कशाची केली आहे एवढे मुलीने तिला सांगितले तरी पुष्कळ होईल. आणि आजींना त्याच दिवशी, शक्यतो जवळच्या बाकावर बसून लगेच, निदान तारीख आणि दोन शब्द तरी टिपून ठेवायला सांगा.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी सासूबाईंना आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवले.

शेफ मिकीजची न्याहारी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली. यजमान पहाटे साडेपाचला उठून बसले होते. एपकॉटसाठी पूर्ण एक दिवस ठेवला आहे आणि त्या दिवशी आना, एल्सा व बेल या तिघींशिवाय दुसरे कोणतेही पात्र शोधायचे नाही, असे मुलीने स्वतः ठरवले आहे. यादी अकरावरून नऊवर आली.

पेन सासूबाईंनी केले. त्यांनी पट्टीसाठी सासऱ्यांचे जुने धोतर काढले, ते धुऊन धुऊन इतके मऊ झाले होते की पट्टी अगदी एकजीव बसली. काल रात्री यजमानांनी ओव्हनचा हातमोजा घालून उरलेल्या तुकड्यावर सही केली. पहिल्या दोन वेळा पेन निसटले, तिसऱ्या वेळी पुठ्ठा नीट धरल्यावर अक्षरे स्वच्छ उमटली आणि मागची बाजू कोरी राहिली. कार्ट्रिज पेपरचे सहा तुकडेही कापून झाले आहेत. व्हीलचेअरचे अजून ठरलेले नाही, पण पाण्याच्या बाटल्या कोण उचलणार, असे सासूबाईंनी आज आपणहून विचारले.

सह्या दुसऱ्या पानापासून घ्यायच्या आहेत. पहिल्या पानाच्या माथ्यावर सासूबाईंनी आज सकाळी, दुकानात नव्या खतावणीवर सासरे लिहीत असत तसे, ॥ श्री ॥ लिहिले आणि त्याखाली नातीचे पूर्ण नाव घातले. मुलीने ते एका दमात वाचले, वडिलांच्या नावातल्या जोडाक्षरासकट.